आधी केस व्हा

तुमच्या कॉलेजातल्या समुपदेशन कक्षाचं दार तुम्ही शेवटचं उघडं कधी पाहिलं? पाटीबद्दल विचारत नाही. पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. मी दाराबद्दल विचारतेय.

आमच्या कल्याणच्या कॉलेजात ती खोली जिन्याखाली होती. आधी तिथे व्यायामाच्या चटया आणि फुटके कॅरम बोर्ड पडलेले असायचे. तपासणीला समिती येणार म्हणून चटया हलवल्या, भिंतीला फिकट निळा रंग मारला आणि उद्घाटन उरकलं. ठाण्याहून पाहुणे आले. शाल, नारळ, चकचकीत कागदात गुंडाळलेला गुलाब. पाहुणे म्हणाले, आजच्या पिढीत सहनशक्ती राहिली नाही, मोबाइल कमी करा, सूर्यनमस्कार घाला, हसत राहा. मग त्यांनी आम्हाला उभं करून हसायला लावलं. सभागृहभर पोरं हा हा हा करत होती आणि एक मॅडम त्याचा व्हिडिओ काढत होत्या. मी ओठ मिटून उभी राहिले.

फीत कापली, नव्या खोलीत पेढे आणि वेफर्स वाटले, दाराला कुलूप घातलं. फितीचा एक तुकडा कडीला लटकत राहिला. वर्षभर आम्ही त्याच्यावर धूळ चढताना पाहिली.

मी पत्रकांच्या घरात वाढले. जयंतीची, मोर्च्याची, वस्तीतल्या पाण्याची, सगळी पत्रकं बाबा लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, तीच डब्याखाली अंथरली. बाबांचा नियम एकच. शेवटी मागणी पाहिजे, आणि ती अशी पाहिजे की वाचणाऱ्याला उद्या सकाळी उठून काहीतरी करता येईल. नाहीतर ते पत्रक नाही, रडगाणं आहे.

तर मागणीकडे येतेच. त्याआधी माझी मैत्रीण.

ती आंबिवलीहून यायची. वडील टेम्पो चालवतात. बारावीनंतर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली. तिने वडिलांकडून पदवीपर्यंत मुदत मागून घेतली होती. काकांचा त्यालाही विरोध होता. त्यामुळे कॉलेज म्हणजे तिच्यासाठी नुसतं शिक्षण नव्हतं. तो तिचा एकुलता एक करार होता, आणि काहीही कारण मिळालं तर घरचे तो मोडणार हे तिला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती बिघडायला लागली. बिघडायला म्हणजे काय, तर पुस्तकातली तीच ओळ परत परत वाचायची. डबा न उघडता घरी न्यायची. हजेरीत नाव पुकारलं की दचकायची. एकदा कँटीनमध्ये मला म्हणाली, "छातीत सारखं धडधडतं गं. डॉक्टर म्हणाला, सगळं नॉर्मल आहे."

"मग?"

"मग काय. अजून काही झालेलं नाही. पण होईल असं वाटतं. व्हायच्या आधी कुणाशी बोलता येतं का?"

मला वाटतं, इतका शहाणा प्रश्न त्या कॉलेजात त्या वर्षी दुसऱ्या कुणी विचारला नसेल. म्हणून आम्ही दोघी त्या कक्षाचे समन्वयक असलेल्या सरांकडे गेलो. सर एरवी पर्यावरण शिकवायचे. कक्ष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता, तो त्यांच्या गळ्यात पडला होता. ते स्टाफरूममध्ये पोहे खात होते.

"केस काय आहे?" त्यांनी विचारलं.

"केस नाही सर. बोलायचंय."

"अगं, बोलायचंय म्हणजे? काही केलंस का? घरी मारतात? कुणाबरोबर काही भानगड?"

"नाही सर. झोप नीट लागत नाही. पुढे जास्त होऊ नये म्हणून..."

"पुढचं पुढे बघू. केस असेल तर आपण नोंद करतो, बाहेरून समुपदेशक मॅडमना बोलावतो. केसच नसेल तर त्यांना कशाला बोलवायचं? काही झालं की ये."

काही झालं की ये. दाताखाली खडा यावा तसं ते वाक्य अजून माझ्या तोंडात आहे.

कँटीनमध्ये ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. "कुठे गेलेलात?" एकाने विचारलं. "केस दाखवायला," दुसरा म्हणाला. "मग पार्लरला जा ना यार." सगळे हसले. तीही हसली. हसताना तिने वेणी पुढे घेऊन हातात घट्ट धरली होती.

पुढच्या आठवड्यात वर्गातच तिला धाप लागली. हातपाय गार पडले, बोलता येईना. पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं, थोड्या वेळाने ती सावरली. मला म्हणाली, "घरी कळू देऊ नकोस." तोवर कुणीतरी समन्वयक सरांना बोलावून आणलं होतं. मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. सर म्हणाले, "आता तर केस झाली. आता कळवावंच लागेल." त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. कागद पुढे सरकल्याचं समाधान होतं. त्यांनी तिथेच, तिच्यासमोर, तिच्या वडिलांना फोन लावला.

"तुमच्या मुलीची केस आमच्याकडे आलीय. ताबडतोब या."

वडील आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स. बरोबर शेजारचा एक माणूस. पोलीस ठाण्यात त्याची ओळख होती म्हणून त्याला आणलेलं. केस म्हटल्यावर त्यांना एकच केस माहीत होती. ते दारातच हात जोडून उभे राहिले.

"साहेब, पोरीच्या हातून काय झालं असेल तर माफी मागतो. पण आत नका टाकू तिला."

सरांना हसू आलं. मी पाहिलं ते. म्हणाले, "अहो, तसं नाही. बसा. मानसिक केस आहे."

"म्हणजे?" शेजारच्याने विचारलं. "डोक्याची?"

सरांनी मान हलवली. ना समजावलं, ना थांबवलं. एखाद्या घाबरलेल्या मुलीला आधार लागतो, त्यात लाज कसली, एवढं साधं वाक्य त्या पदवीधर माणसाला सुचलं नाही. वडील बराच वेळ पिशवीतले कागद सरळ करत राहिले. मग म्हणाले,

"पोलीस केस परवडली असती साहेब. त्यातून माणूस सुटतो."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिचा फोन काकांकडे गेला.

मी माझ्या रागाला एक काम दिलं. पत्रक लिहिलं. मथळा, 'केस होण्याआधी'. तिचं नाव नाही, ओळख पटेल असं काही नाही. फक्त तीन वाक्यांत मागणी. खोली रोज उघडा. शिकलेलं माणूस बसवा. विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय घरी फोन करू नका. मला वाटलं, पोरं त्यात वडापाव गुंडाळतील. काहींनी गुंडाळलाही. पण मग जिन्यात, पार्किंगमध्ये, झेरॉक्सच्या दुकानापाशी एकेक जण मला गाठायला लागला. पार्लरचा विनोद करणारासुद्धा आला, हातात पत्रकाची बारीक घडी घेऊन.

"खरंच कुणी बसणार आहे का तिथे? म्हणजे माझं काही नाही. असंच."

माझं काही नाही, असंच. प्रत्येकाचं वाक्य हेच. ज्यांच्यासाठी ती खोली हवी ती हीच माणसं, आणि कॉलेजच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती, कारण त्यांचं अजून काही झालं नव्हतं.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. संस्थेची बदनामी वगैरे झालं. मग म्हणाले, "घरी फोन करू का तुझ्या?"

"करा सर. बाबा एवढंच विचारतील की मागणी नीट मांडली आहे का."

मी मजेत बोलून गेले खरी, पण खाली जिन्यात आल्यावर मला त्या धमकीची किळस आली. इथे सगळ्यांच्या हातात एकच हत्यार आहे, घरी फोन. माझ्या घरी ते बोथट निघालं, हे माझं नशीब.

परीक्षा आली आणि ती खोली अखेर उघडली. 'समुपदेशन कक्ष' या पाटीवर कागद चिकटवला होता, 'परीक्षा नियंत्रण कक्ष'. आत प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि समन्वयक सर. ज्या दिवसांत पोरांची झोप उडते, नेमक्या त्या दिवसांत.

तिला फक्त पेपर द्यायला सोडलं होतं. काका फाटकापाशी बाइकवर बसून राहायचे. पाण्याच्या कूलरजवळ आम्हाला थोडा वेळ मिळाला.

"कशी आहेस?"

"केस आहे," ती म्हणाली आणि हसली. मग जिन्याखाली पाहिलं. "उघडं आहे की."

"पेपर संपले की कुलूप."

"पुढच्या सेमिस्टरचं काका अजून नाही म्हणतायत. बाबा गप्प आहेत." तिने बाटली भरून घेतली. "तू ते कागद लिहितेस ना? परत लिहिशील तेव्हा बाकी सगळं मागे टाक. घरी फोन करू नका, हे पहिलं लिही."

शेवटचं एक सेमिस्टर बाकी आहे. ती बसेल की नाही, मला आजही माहीत नाही.

म्हणून तिच्या सांगण्याप्रमाणे पहिली मागणी तुमच्याकडे. उद्या कॉलेजात जाल तेव्हा त्या दारापाशी जा. तुम्हाला काहीही झालेलं नसताना जा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते शोधा आणि त्या माणसासमोर उभं राहून सांगा, माझी केस नाही, मला बोलायचं आहे, आणि मला विचारल्याशिवाय तुम्ही घरी फोन करणार नाही हे आधी लिहून द्या. एकटं जायची लाज वाटली तर शेजारच्या बाकावरच्याला घेऊन जा. तो म्हणेल, माझं काही नाही. म्हणा, माझंही नाही, चल.