आज मोटर बंद आहे

प्रोग्राम एकदा सुधारला की त्यातली चूक कुठे होती, हे महिन्याभरात कुणालाच आठवत नाही. त्या चुकीपायी कोण कुणावर ओरडलं, ते मात्र शब्द न् शब्द आठवतं! आमच्या खोलीत आता चालणारे बोर्ड कमी आणि किस्से जास्त झालेत.

खोली सौंसरच्या बसस्टँडमागे, अमोलच्या वडिलांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानावर. आम्ही तिघं. अमोलला मोटरचं सगळं कळतं. प्रज्ञा प्रोग्राम लिहिते. आणि मी पांढुर्ण्याहून रोज बसने येणारी, इंजिनिअरिंग करून पुण्याला न गेलेली. त्यामुळे सगळ्या नातेवाइकांना उत्तर द्यायला बांधील!

यंत्र साधं आहे. मातीत सेन्सर, डबीत छोटा बोर्ड, आणि माती सुकली की बोर्डाने रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, दाबून मोटर चालू करायची. पहिली बाग मिळाली मोहगावजवळच्या शेषराव काकांची. संत्र्याची तीनशे झाडं, आणि दिवस नेमके ताणाचे. बहार धरायचा म्हणून थंडीत झाडांचं पाणी तोडतात, पानं मलूल होईपर्यंत. मधेच एकदा जरी मोटर चालली, तर झाड फुलं सोडून पालवी काढतं. काकांचं वर्ष गेलं!

काका म्हणाले, "पोरी, ह्याले पाणी देणं मागून शिकव. आधी पाणी न देणं शिकव."

मी म्हटलं, "सोमवारी बसवतो!"

*

सोमवार चार दिवसांवर, आणि अमोलच्या नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम बनेचना. प्रज्ञाच्या जुन्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम एका झटक्यात बनायचा. इथे लाल अक्षरांत एकच रड, फाइल सापडत नाही.

सॉफ्टवेअर तीनदा काढलं, तीनदा टाकलं. फाइल समोर दिसत होती! अँटिव्हायरस बंद केला. अमोलवर ओरडून झालं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने ती लाल ओळ शांतपणे शेवटपर्यंत वाचली. फोल्डरच्या पत्त्यात मध्येच चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती.

"अमोलदादा, लॅपटॉपवर तुमचं नाव काय टाकलं होतं?"

अमोलने लॅपटॉप आणला तो दुकानातून थेट जामसांवलीच्या मारुतीला नेला होता. दर्शन झालं, मग तिथेच पहिल्यांदा चालू केला. लॅपटॉपने नाव विचारलं. अमोलने देवनागरीत टाकलं, 'जय बजरंगबली'. तेच नाव सगळ्या फोल्डरांच्या डोक्यावर बसलं आणि सॉफ्टवेअरला देवनागरी वाचता येईना!

मी चिडले. आपल्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं तर यंत्राने अडून का बसावं? अर्धा तास बोलले मी त्यावर. तोवर प्रज्ञाने इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडून काम सुरूही केलं होतं.

अमोलने पहिलं खातं मात्र काढू दिलं नाही. म्हणाला, "राहू दे वं. काम त्या खात्यात कर, भरोसा ह्या खात्यावर ठेवू!"

*

शनिवारी बोर्ड लॅपटॉपला जोडला, तर लॅपटॉपला तो दिसेचना. बोर्डावरचा दिवा लागलेला, पण पोर्टच्या यादीत काहीच नाही.

ड्रायव्हर बदलला. दुसरा बोर्ड लावला. तोही दिसेना. तिसरा लावला. मी म्हटलं, सगळा मालच खराब आलाय, परत पाठवा!

"केबल पाहिली काय?" प्रज्ञाने विचारलं.

"केबल एक नंबर हाय," अमोल म्हणाला. "कालच माहा मोबाइल तिनं फुल चार्ज केला!"

प्रज्ञा त्याच्याकडे बघत राहिली. काही केबलींत नुसती विजेची तार असते, माहिती नेणारी तार नसतेच. ही तसलीच, अमोलच्या चार्जरची; आमची कामाची केबल अमोलच्या घरी मोबाइल चार्ज करत होती!

त्या दिवसापासून कामाच्या केबलीला लाल टेप आहे. आणि अमोल घरी निघाला की प्रज्ञा त्याच्या खिशाकडे बघते.

*

सोमवारी बोर्ड बसला. आमच्याकडे लाइन कधी येईल याचा भरोसा नसतो, म्हणून सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर असतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. काकांचा ऑटो काढून त्याच्या जागी अमोलने आमचा बोर्ड जोडला, बॅटरीवर चालणारा; डबी बागेत सेन्सरजवळ, तिथून तार मोटरच्या खोलीपर्यंत. मोटर चालवून बघायची सोय नव्हती, ताण होता ना!

बोर्ड सुरू झाला की लगेच, आणि मग रोज सकाळी आठला, त्याचा काकांना मेसेज जायचा, 'आज मोटर बंद आहे.' काकांचं उत्तर यायचं, "शाबास."

सहाव्या दिवशी सेन्सर सांगू लागला, माती ओली आहे. ताणावरच्या बागेत ओली माती! प्रज्ञाने दोन दिवस प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. चूक सापडेना, तेव्हा आम्ही बागेत गेलो. माती भेगाळलेली.

काकू आल्या. "मीच काढते त्याले रोज. मातीनं किती मळते ते! स्वच्छ धुते अन् परत खोसून ठेवते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रज्ञाने माझा हात दाबला.

"काकू, तो मळलेलाच चांगला," ती म्हणाली.

"मंग सांगाले काय झालं होतं?" काकू म्हणाल्या.

खरंच, कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं काकांनाच समजावत बसलो होतो आम्ही.

*

पुढचा किस्सा माझा. नाइलाज आहे.

एका दुपारी सॉफ्टवेअरने विचारलं, बारा गोष्टींच्या नव्या आवृत्त्या आल्यात, घ्यायच्या का? जुनाट काही ठेवायचंच कशाला! मी 'सगळं अपडेट करा' दाबलं.

आधी चालणारा प्रोग्राम बनायचाच थांबला. एक चूक काढली की चार नव्या. प्रज्ञाने तिच्या पेनड्राइव्हमधून जुन्या आवृत्त्या एकेक करून परत बसवल्या. पूर्ण दिवस गेला. शेवटी एवढंच म्हणाली,

"ताई, तुम्ही निवडणुकीले उभ्या राहा. तुम्हाले सगळं एकाच दिवशी बदलायचं असते!"

*

अठराव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "पोरी, आज तुह्या मशीननं काई सांगितलंच नाई."

बोर्ड अडकला होता. अडकलेला बोर्ड काय करेल, याचा नेम नाही. त्या आठवड्यात लाइन दहाला यायची. प्रोग्राम नव्याने टाकायचा, तोही दहाच्या आत!

पोहोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. अमोल म्हणाला, "मी आधी मोटरच्या खोलीत जाऊन येतो."

"वेळ नाही!" मी म्हटलं. "डबी उघड."

लाल टेपची केबल लागली. प्रज्ञाने अपलोड दाबलं. वीस टक्के. पस्तीस.

तेवढ्यात शेजारच्या बागेतली मोटर घरघरली. मग तिच्या पलीकडची. मग नाल्यापल्याडची.

लाइन आली होती.

अमोल एकदम ओरडला, "थांबव! प्रोग्राम चढला का बोर्ड रीस्टार्ट होते अन् रिले टक करते!"

"क्षणभरच करते!" मी म्हटलं.

"मोटरच्या स्टार्टरले क्षणभरच लागते! एकदा पकडलं का सोडत नाई तो!"

"आता थांबवता येत नाही," प्रज्ञा म्हणाली. साठ टक्के. ऐंशी.

अमोल फ्यूज काढायला मोटरच्या खोलीकडे पळत सुटला. खोली बागेच्या त्या टोकाला. काका बांधावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते.

"कायले पळून राहिला बे?"

अमोलने वळूनही पाहिलं नाही. शंभर टक्के.

टक.

मी पाइपाच्या तोंडाकडे बघत होते. तीनशे झाडं. मान टाकलेली पानं. माझं 'वेळ नाही' माझ्याच कानात वाजत होतं. चारी बाजूंना मोटरी घरघरत होत्या.

पाइप कोरडा.

काकांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरून मोठ्याने वाचला, "आज... मोटर... बंद आहे."

मग मोबाइल बाजूला ठेवून त्यांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला आणि सावकाश गाठ सोडली. आत मोटरचे तिन्ही फ्यूज होते.

"शाबास," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बरोबर सांगून राहिलं!"