पाद्रीसाहेबांसाठी दोन मिनिटं

आमच्या नांदुऱ्यात माणूस मेला की फार चांगला होतो. पाद्रीसाहेब गेले आणि लगेच शोकसभा ठरली. जिवंतपणी ज्यांनी त्यांना कधी चहा विचारला नाही, ते भाषणासाठी सगळ्यांच्या आधी नाव देऊन मोकळे झाले.

पाद्रीसाहेबांचं काम साधं होतं. रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जायचं, ज्याच्याजवळ कोणी नाही त्याला पेज भरवायची, अंग पुसायचं आणि निघताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं. माझा पाय मोडला होता तेव्हा माझ्यासाठीही केली. मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्यातला नाही." ते म्हणाले, "दुखनं तं तुमचंच हाये ना?"

त्यांच्या बायकोला सगळं गाव मावशी म्हणतं. तिचं एकच मागणं होतं, सभेच्या शेवटी साहेबांसाठी एक प्रार्थना मोठ्यानं व्हावी. मी तिच्यासोबत अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे गावचे बडे कापूस व्यापारी. ते खुर्चीत चुळबुळले.

"मावशी, सगळ्याईचा कार्यक्रम हाये. लोकं काय म्हनतीन? आपन दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. ज्याले जे म्हनायचं ते त्यानं मनात म्हनावं."

यांची आई दवाखान्यात पडली होती तेव्हा हेच साहेब रोज तिच्या उशाशी मोठ्यानं प्रार्थना करत. तेव्हा लोकांची फिकीर नव्हती, कारण दुकान सोडून आईजवळ बसायला यांना सवड नव्हती.

सभेत एकामागून एक भाषणं झाली. ख्रिस्ती असूनही फार चांगला माणूस, असं प्रमाणपत्र जो तो देत होता. एक जण तर म्हणाला, साहेब खरे समाजसेवक, त्यांच्यात धर्म वगैरे काही नव्हतं. ज्यानं जन्मभर धर्मच केला त्याचा धर्म धुळीसारखा झटकून यांनी त्याच्या फोटोला हार घातला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसून सगळं ऐकत होती.

शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांना उभं केलं. सभागृह चिडीचूप झालं आणि मावशी बोलायला लागली.

"देवा बापा, हा मानूस तुह्या नावानं उठे आन् तुह्याच नावानं दवाखान्यात जाये. इथी कोनी तुह्यं नाव घेतलं नाही, म्हनून मी घेऊन राह्यली."

अध्यक्षांनी डोळे उघडले. पण स्तब्धता त्यांनीच जाहीर केलेली. मावशीला गप्प करायचं तर आधी स्वतः तोंड उघडावं लागलं असतं. सगळे भाषणबहाद्दर माना खाली घालून आपापल्या चपलांकडे बघत राहिले. मला मनापासून आनंद झाला. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"कोपऱ्यातल्या खाटेवर एक बुढा एकटा पडला हाये, देवा. साहेब गेल्यापासून त्याले पेज मीच नेईन म्हनलं, पन माहे गुडघे चालत नाहीत. इथी एवढे लोकं हायेत, त्याईच्यातून एक जन धाड. आमेन."

मग अध्यक्षांच्या आईनं काठी टेकली.

"आमेन," ती म्हणाली, आणि मुलाकडे वळली. "मले भरवली होती त्या मानसानं. उद्याची पेज तू नेशीन."

दोन मिनिटं संपल्याचं अध्यक्षांनी अजून सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.