बिबड्यांचा दिवस

कारखाने किती इंधन जाळतात आणि त्यातून हवेत काय काय सोडतात, हे मोजण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. लोकांना वाटतं, फार मोठं काम आहे. मलाही वाटायचं. आता कोणी कौतुक केलं की तोंड कडू होतं.

नोकरी बडोद्याला असली तरी घर सुरतेजवळचं, पलसाण्याला हायवेलगतच्या एका गल्लीत. आमच्यासारखी खानदेशातून पोटासाठी आलेली माणसं तिथं दाटीवाटीनं राहतात आणि गल्लीच्या तोंडाशीच कापड रंगवायची मिल आहे. वडील त्याच मिलमध्ये राबले आणि खोकत खोकत गेले. डॉक्टरनं विडीला दोष दिला. वडिलांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. हा विषय का निवडला, असं कोणी विचारलं की मी हवामानबदलावर बोलते. खरं कारण एवढंच आहे.

या मिलच्या बॉयलरमध्ये कागदोपत्री कोळसा जळतो. प्रत्यक्षात जळते चिंधी. पॉलिएस्टरच्या कातरणी, टाकाऊ तुकडे, गठ्ठ्यांनी येतात आणि जवळजवळ फुकट पडतात. धूर काळाकुट्ट, आणि काजळी सरळ आमच्या गच्च्यांवर. मोजायला जायचं तर मिलची परवानगी हवी, म्हणून तारीख आधी कळवायची. त्या दिवशी चिंधीचे गठ्ठे ताडपत्रीखाली जायचे आणि पाहुण्यांसाठी राखलेला चांगला कोळसा बाहेर निघायचा. मॅनेजर चहा मागवून गोड हसायचा. "बेन, अमारे त्यां तो रोज आवुं ज होय." रोज असंच असतं म्हणे! मी मुकाट्यानं यंत्राची नळी धुराड्यात घालायची आणि खोटे आकडे खऱ्या मेहनतीनं उतरवून घ्यायची.

हे गल्लीतल्या बायकांना माझ्याआधी कळलं होतं. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालायचे तर वाळवण दिवसभर गच्चीवर उघडं राहतं, आणि काजळी बसली की सगळा घाणा वाया. ज्वारी आधी भिजत घालावी लागते, त्यामुळे तारीख आधीच हवी. म्हणून आई फोनवर विचारायची, "तुन्ही तपासणी कवय शे वं माय?" माझ्या तारखेला ओल्या लुगड्यांवर बिबडे पसरून गल्लीतली प्रत्येक गच्ची भरून जायची. पहिल्यांदा मला हसू आलं. मग इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

बडोद्याला आमच्या संस्थेत मी भांडले. न कळवता मोजू द्या, नाहीतर हे सगळं नाटक बंद करा. साहेब म्हणाले, असं केलं तर मिलवाले दार उघडणार नाहीत. मी हट्ट सोडला नाही, आणि त्यापायी किती जणांच्या डोळ्यांत सलले ते मलाच माहीत. शेवटी मिलबरोबरच्या करारात एक कलम घुसवलं, एकदाच, न कळवता मोजायचं. मला तेवढं पुरेसं होतं. चिंधीचा धूर एकदा आकड्यांत उतरला असता तर तो कोणाच्या बापाला पुसता आला नसता.

तारीख मी कोणाला सांगितली नाही. सोबतच्या सहकाऱ्यालाही गाडीत बसल्यावरच सांगितली. आईला फोनवर फक्त म्हटलं होतं, गुरुवारी मुक्कामाला येते.

गुरुवारी सकाळी गाडी हायवेवरून आमच्या गल्लीशी वळली आणि मी वर पाहिलं. एकूण एक गच्ची बिबड्यांनी भरलेली होती. मिलच्या दारात मॅनेजर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. चहा तयार होता. कोळसाही.

दुपारी घरी जाऊन मी आईवर ओरडले, तुला कोणी सांगितलं मी मोजायला येतेय म्हणून? ती गोंधळली. मग म्हणाली, "तू दुसरं कसाकरता येस?"

तिनं शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीचा नवरा बॉयलरवर आहे. गुरुवारी चिंधी टाकू नका, वाळवण आहे, असं तिनं त्याला बजावलं, आणि त्यानं जाऊन सुपरवायझरला विचारलं की गुरुवारी तपासणी आहे का. फितूर कोणीच झालं नाही. रागवायला एक माणूससुद्धा मिळालं नाही मला.

हे मोजमाप धरू नका, असं मी साहेबांना परोपरीनं सांगितलं. "कारण काय लिहू?" ते म्हणाले. "गच्चीवर पापड होते?" अहवालात आता छापलंय की न कळवता केलेल्या तपासणीतही धूर मर्यादेतच आढळला. खाली माझी सही आहे. यापुढे मीच काय, कोणीही त्या मिलकडे बोट दाखवलं तर मिलवाले तेच पान पुढे करतील.

त्या मुक्कामानंतर शुक्रवारी निघताना आईनं डबा भरून दिला होता. झाकण उघडून एक बिबडा तिनं उजेडात धरला. "देख माय, एक बी काया डाग नई." इतकी आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला रडू आवरेना. तिला वाटलं, लेकीचा पाय घरातून निघत नाही, आणि ती पाठीवरून हात फिरवत राहिली.