व्रतातली गोळी

"भांडी घासतेस ना तू? मग भांडीच घास. मोबाईल दाबला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही."

हे बोलला तो डॉक्टर. डिचोलीचा एक खाजगी दवाखाना. दार उघडं, बाहेर बाकावर नऊ-दहा माणसं. मी जिच्याकडे धुणीभांडी करते ती बायही तिथेच होती. ती हसली. तोंडाला रुमाल लावून, पण हसली.

मी फोन पुढे धरला होता. त्यात माझ्या दादाचं प्रेशर होतं, पंधरा दिवसांचं, रोज मी स्वतः मोजलेलं. सगळे आकडे लाल. आमच्या शिरगावात आरोग्य केंद्राने आम्हा काही बायांना हे काम शिकवलं होतं. दंडाला पट्टा बांधायचा, आकडा फोनमध्ये भरायचा, लाल दिसला की माणसाला डॉक्टरकडे न्यायचं. आणि रोज सकाळी प्रत्येकाला आपल्या आवाजात गोळीची आठवण पाठवायची. माझ्याकडे वीस घरं होती. पहिलं दादाचं.

डॉक्टरने फोनकडे बघितलंच नाही. जुनीच गोळी परत लिहून दिली. दादा खाली मान घालून बसला होता. वाटेत एवढंच म्हणाला, "तू कित्याक बोललंस गो, कशाला? लोक हसले."

ते जास्त लागलं. माझी लाज माझ्या भावालाही वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी पट्टा पेटीत टाकला. निरोप बंद केले. खोटं कशाला बोलू, मला डॉक्टरचंच खरं वाटलं. सातवी शिकलेली बाई मी, मला काय कळतं.

मग जत्रा जवळ आली. दादा लईराई देवीचा धोंड, जत्रेत व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. व्रताच्या दिवसांत धोंड घर सोडून एकत्र राहतात, आपलं आपण रांधतात, सोवळं पाळतात. दादाने गोळ्यांचं पाकीट घरीच ठेवलं. वहिनीने हटकलं, तर म्हणाला, सोवळ्यात दुकानातली गोळी चालत नाही, देवी बघून घेईल. वहिनी धावत माझ्याकडे आली. मी काय म्हणाले? म्हणाले, डॉक्टरला विचार, मला नको विचारू.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून वर येताना दादा देवळाच्या तळीच्या पायरीवर कोसळला. इस्पितळात पोचेपर्यंत संपला होता. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने त्याचा फोन माझ्या हातात दिला. त्यात माझे निरोप होते. तिने शेवटचा लावला. माझाच आवाज. "दादा, गोळी घेतलीस मरे? घे आणि मग च्या पी." त्यानंतर काही नाही. वहिनी फोन माझ्याकडेच ठेवून चुलीकडे वळली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर हसवून मोकळा झाला. बाय हसून मोकळी झाली. गप्प बसले ती मी. माझा भाऊ माझ्या गप्प बसण्याने गेला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी पट्टा पेटीतून परत काढला. महिन्याभराने शेजारच्या काकांचे आकडे लाल आले. तेही धोंड. त्यांना घेऊन त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, तू बाहेर थांब. मी थांबले नाही. खुर्ची ओढली, बसले, फोन त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे माझ्या दादाचे आकडे. तुम्ही बघितले नाहीत, तो मेला. आता ह्यांचे बघा."

बाकावर कोणी हसलं नाही. डॉक्टरने आकडे बघितले, गोळी बदलली. दादासाठी एवढंच तर हवं होतं.

जत्रा परत आली आहे. उद्यापासून व्रत. धोंड मुक्कामाला उतरतात तिथे मी जाणार. बाई म्हणून आत घेणार नाहीत, तर बाहेर उभी राहून एकेकाचं नाव घेईन आणि विचारीन, गोळी घेतली का. सोवळं मोडलं म्हणून देवीचा कोप व्हायचा असेल तर माझ्यावर होऊ दे.

भांडी घासते मी. हो. ती घासून झाली की जाणार.