पाचव्या तुळईतली केबल

टकटकमास्तर आणि त्यांचा जावई यांच्यातून विस्तव जात नव्हता, आणि दोघांना एकाच पुलाखाली काम करायचं होतं.

मास्तर पूल दुरुस्तीचे मुकादम. लहान हातोडीने काँक्रीट वाजवत जायचं, आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर खडूने गोल काढायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. जावई लग्नानंतर वर्षभरात त्याच कंपनीत आला, तोही साहेब होऊन. त्याचं काम पुलाचं मॉडेल बनवण्याचं. जुने नकाशे आणि लेसरने घेतलेली मापं यांवरून त्याने अख्खा पूल कॉम्प्युटरमध्ये उभा केला होता. बोट लावलं की तुळई फिरायची, आतल्या सळया दिसायच्या, कुठे काय दुरुस्त झालं त्याची तारीखही दिसायची.

पहिल्याच बैठकीत त्याने मास्तरांचे गोल मॉडेलवर टाकले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, चौदातले तीन गोल फुकट आहेत. तिथे काही नाही. आता हा खडू पुरे."

"माझा कान तीस वर्षं चालतोय हो, जावईबापू," मास्तर म्हणाले. "तुमच्या खोक्याची वॉरंटी किती?"

लोक हसले. जावई हसला नाही. "यापुढे जे काही सांगायचं ते मोजून, लिहून द्या. तोंडी धरणार नाही."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी जेवताना लेक मधे पडायला गेली तर तिलाच म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी पुलाखाली उभा होतो तेव्हा तो पाळण्यात होता."

ते खरंच होतं. चौतीस वर्षांपूर्वी हाच पूल बांधला गेला तेव्हा मास्तर तिथे सळया बांधायच्या कामावर होते. तिसऱ्या गाळ्यात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या खांबांमधल्या भागात, पाचव्या तुळईत केबलची नळी सळयांना अडत होती. तेव्हाच्या मुकादमाने ती चार इंच वर सरकवून घेतली. वर कळवलं कोणी नाही, नकाशा तसाच राहिला. नळीतली केबल ताणून धरते म्हणून तुळई वजन पेलते. तिला धक्का लावायचा नसतो, हे मास्तरांना झोपेतही ठाऊक होतं.

दुरुस्तीत तुळयांना बाजूने पोलादी पट्ट्या बसवायच्या होत्या. भोकांच्या जागा मॉडेलवरून ठरल्या. पाचव्या तुळईवर जावयाने स्वतः खुणा केल्या. मास्तरांनी पाहिलं. त्यातली दुसरी खूण नेमकी केबलवर येत होती.

"आत नळी आहे, काँक्रीटच्या आतलं दाखवणारं यंत्र फिरवून बघितलं का?" एवढं विचारायला त्यांचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जावई मान वर न करता म्हणाला, "मामा, लिहून आणलंय का काही? नसेल तर बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मास्तर बाजूला झाले. चांगली पंधरा पावलं. पडू दे एकदा तोंडघशी, असं मनात म्हणत पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभे राहिले.

ड्रिलवाला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, चाळिशीचा माणूस. तो शिडीवर चढला. पहिलं भोक नीट गेलं. दुसऱ्याला ड्रिलचं टोक आत कशात तरी अडकलं, यंत्राने गिरकी घेतली, आणि त्याचं मनगट काडीसारखं मोडलं. तुळईतून तार तुटल्याचा एकच कोरडा आवाज आला. तासाभरात पूल बंद झाला.

चौकशीला बाहेरून एक बाई इंजिनिअर आल्या. जावयाचा चेहरा पांढराफटक. "मॉडेल नकाशाप्रमाणेच आहे," एवढंच तो परत परत सांगत होता. मास्तर मूग गिळून बसले. दिवसभर बसले.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. प्लास्टरमधला हात छातीवर धरून ड्रिलवाला म्हणाला, "मास्तर, तुम्ही रोज माझ्या शिडीला हात लावून उभे असता. त्या दिवशी पिंपाशी का गेलात?"

मास्तर खाटेवरची चादर सारखी करू लागले.

"माहीत होतं ना तुम्हाला?"

मास्तर उठले आणि दाराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयादेखत बाईंना सगळं सांगितलं, केबलचं आणि पिंपाचंही. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. दोघांचीही चूक लिहिते आहे." शिवाय, मास्तरांना आठवतं ते सगळं मॉडेलमध्ये भरेपर्यंत दोघांनी एका टेबलावर बसायचं, असा त्यांचा हुकूम.

आठ दिवस दोघे बसले. मास्तर तुळईचा आकडा सांगायचे, जावई कळा बडवायचा. चहासुद्धा वेगवेगळा. मास्तरांच्या सांगण्यात अकरा ठिकाणी नकाशापेक्षा फरक निघाला. तपासणीचं यंत्र फिरवल्यावर त्यातले नऊ खरे ठरले. दोन ठिकाणी मास्तरांची आठवण चुकली होती. जावयाने ते दोन आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

शेवटच्या दिवशी मास्तर म्हणाले, "ही माहिती माझी आहे. तिथे माझं नाव घाल."

"कशासाठी?" जावयाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "केबल चार इंच वर होती म्हणून, की तुम्ही पंधरा पावलं लांब होतात म्हणून?"

त्याने नावाच्या रकान्यात 'तोंडी माहिती' एवढंच टाकलं आणि लॅपटॉप मिटला.

मास्तरांना कामावरून कमी केलं. जावयाची बदली दुसऱ्या कामावर झाली. पाच महिन्यांनी तुळईला बाहेरून नवीन केबल लावून पूल सुरू झाला. ड्रिलवाल्याचं मनगट वाकडंच जुळलं. आता तो गोदामावर पहारा देतो, मास्तर दिसले तर ओळख दाखवत नाही.

लेक एकदाच आली, उंबऱ्यावरच उभी राहिली. "बाबा, त्या शिडीवर हे असते तर तुम्ही सांगितलं असतं का?"

"काहीतरीच काय विचारतेस," मास्तर ओरडले.

ती गेल्यावरही ते बराच वेळ दाराकडे बघून बडबडत होते. पण 'सांगितलं असतं' असं छातीठोकपणे म्हणावं, तर ते त्यांना स्वतःशीसुद्धा जमत नव्हतं.