उतारावरचं हिरवं वर्तुळ

नकाशाला हार घालतात हे मला त्या सकाळी कळलं. नातेपुत्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी माझ्या आत्याचं गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता आणि आमच्या कार्यालयाने छापलेला मातीचा नकाशा खुर्च्यांमागे टांगला होता. आमच्या साहेबांनी आधी त्याला हार घातला, मग नारळ फोडला. हात जोडायचे की नाही, यावर गावकऱ्यांत एकमत झालं नाही.

नकाशा माझ्या हातचा. भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत राहून मी सोलापूरच्या त्या कार्यालयात संगणकावर मातीचे नकाशे करतो. डोंगरावर ठरलेल्या ठिकाणी माणसं खड्डे घेतात, माती पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथून आलेले आकडे मी नकाशावर मांडतो. दोन खड्ड्यांच्या मधली जमीन कुणी पाहिलेली नसते. तिथे सॉफ्टवेअर शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधतं आणि रंग भरतं. तो रंग इतका गुळगुळीत असतो, की हा अंदाज आहे हे नकाशा करणाराही विसरतो.

गावामागच्या उतारावर असा एकच खड्डा होता. त्यातल्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे जमिनीचा कस, भरपूर निघाला आणि मुरमाड तांबड्या डोंगरावर एक मोठं हिरवं वर्तुळ उमटलं. मला ते आवडलं होतं. अहवालात त्याच्यासाठी मी खास वाक्य लिहिलं: ‘स्थानिक वनस्पती आच्छादनामुळे समृद्ध झालेला पट्टा’. त्या उतारावर चार बाभळी आणि कुसळं आहेत. पण वाक्य भारदस्त होतं, कुणी हरकत घेतली नाही.

त्या वाक्यावर योजना उभी राहिली. उताराचं गायरान तारेने बंद करून तिथे सीताफळं लावायची, आणि त्याला ग्रामसभेने हात वर करून संमती द्यायची. आत्याची मेंढरं याच गायरानावर चरतात. तारेचं कुंपण झालं तर कळप विकण्यावाचून तिला गत नव्हती. तरी ती नवं लुगडं नेसून बायकांत पुढे बसली होती.

“ह्यो माझ्या भावाचा ल्योक,” ती शेजारणीला सांगत होती. “नकाशा ह्यानंच काढलाय.”

“काढला खरं,” शेजारीण म्हणाली. “तुझी मेंढरं कुटं जाणार, ते काढलंय का त्यात?”

“गप ग. जमीन चांगली असंल म्हणूनच काढलाय की. त्यो खोटं काढंल व्हय?”

साहेबांनी मला काठी दिली आणि हिरवा पट्टा लोकांना दाखवायला सांगितलं. मी काठी वर्तुळाच्या मध्यावर टेकवली आणि प्रत्यक्ष जागा दाखवावी म्हणून डोंगराकडे वळलो. मोठ्या खडकाखालची सपाट जागा. लहानपणी सुट्टीत मी तिथे झोपलो होतो, आत्याच्या कुशीत, मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीला लागून. आत्याच्या सासऱ्यांच्याही आधीपासून पावसाळाभर कळप तिथेच बसवत आले आहेत. खड्डा नेमका तिथे पडला होता. मी ज्याला वनस्पती आच्छादन म्हटलं होतं, ते पिढ्यान्‌पिढ्यांचं लेंडीखत होतं, आणि सॉफ्टवेअरने ते सगळ्या उतारावर पसरलं होतं.

लोक हात वर करायच्या बेतात होते.

“थांबा,” मी म्हणालो. “ही जागा मेंढरं बसवायची आहे. कस तेवढ्याच तुकड्यात आहे. बाकी उताराचं आम्ही काही तपासलेलं नाही. नकाशा चुकलाय.”

साहेब हसले. “मुद्दा सूक्ष्म आहे. कार्यालयात चर्चा करू.”

“सूक्ष्म कसला सायेब?” मागून कुणीतरी ओरडलं. “लेंड्या हायत त्या!”

सगळा मांडव हसला. एकजण म्हणाला, “आरं, लेंडीला हार घातला की!” मग तर सरपंचांनाही हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, “सगळ्या उतारावर खड्डे घ्या, मग बघू.” संमती राहून गेली. साहेब नारळाचा प्रसाद न घेताच उठले.

आत्या हसली नव्हती. शेजारीण तिला म्हणाली, “वाचलीस की ग बाई.”

“मेंढरं वाचली,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “तितं तू माझ्याजवळ निजायचास. तुला जागा वळखू आली न्हाय?”

रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. मी हातातली काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

“भाकरी करून ठेवलीया. चल.”

मी म्हणालो, कार्यालयाची जीप थांबली आहे. जीप साहेबांना घेऊन नुकतीच निघून गेली होती आणि तिची धूळ आम्हा दोघांनाही दिसत होती. आत्याने पदर सारखा केला. “बरं,” म्हणाली, आणि घराकडे वळली.

नकाशा खाली उतरवून गुंडाळायला कुणी नव्हतं, म्हणून मीच गुंडाळला. एसटीत कंडक्टरने विचारलं, “काय हाय ह्यात?”

“फ्लेक्स,” मी सांगितलं.

“कुणाचा वाढदिवस?”

“झाला,” मी म्हणालो आणि खिडकीकडे तोंड केलं.