ताईला सुचवलेली मालिका

तहसील कचेरीच्या आवारात माझे टेबल गेली सव्वीस वर्षे एकाच कडुनिंबाखाली आहे. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात आणि तो टाईप होऊन येईपर्यंत समोरच्या बाकावर बसतात. तेवढ्या वेळात बोलायला विषय लागतो. कचेरीतल्या साहेबांविषयी तिथे बोलणे शहाणपणाचे नसते, म्हणून गाडी टीव्हीवर येते. "भाऊसाहेब, सध्या बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला वारसाच्या दाखल्याइतकाच वेळा विचारला गेला असेल. माझे शिक्षण नववीत थांबले, तरीही माझ्या मताला मान होता आणि तो मला अस्थानी वाटत नसे. जो माणूस रोज परक्याचे दुःख एका पानात बसवतो, त्याला रचना कळते. मालिका म्हणजे तरी काय, लांबवलेला अर्जच.

मी मते स्पष्ट देत असे. ज्या मालिकेतल्या बायका सकाळच्या चहाला शालू नेसून बसतात, ती बघू नये. ज्या मालिकेतल्या कोर्टात वकील नुसता ओरडतो आणि कोणाच्याही हातात साधी नक्कलसुद्धा नसते, ती मुळीच बघू नये. गुन्ह्यांच्या कार्यक्रमांत फौजदार पहिल्याच खेपेला फिर्याद लिहून घेतो, एवढ्यावरूनच ते खोटे समजावेत. गाण्यांच्या स्पर्धा मला आवडत, पण हरलेल्या मुलीच्या आईच्या तोंडावर कॅमेरा किती वेळ रोखून धरतात हे पाहिल्यावर मी त्या सोडल्या. मोबाईलवरच्या मालिका आठ भागांत संपतात, हा त्यांचा एकमेव गुण. चांदवडचे एक निवृत्त गुरुजी केवळ माझ्या सांगण्यावरून रोजची मालिका सोडून दुसरी बघू लागले आणि पुढल्या तारखेला मुद्दाम टेबलाशी येऊन, तुमची पारख खरी, असे म्हणून गेले.

आता मी कोणालाही काही सुचवत नाही. विचारणाऱ्याला, माझा टीव्ही बंद आहे, असे सांगतो. त्याचे कारण येथे नमूद करतो.

द्वारका चौकाच्या मागच्या वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. ते वडिलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधले. त्यांच्या पश्चात मिळकतीच्या उताऱ्यावर दोन नावे लागली, एक माझे आणि एक मनमाडला दिलेल्या थोरल्या बहिणीचे. माझ्या मुलाचे लग्न जुळत होते. मुलीकडचे घर बघून गेले आणि जाताना त्यांनी एकच विचारले, वर बांधायची सोय आहे ना? बांधकामाच्या परवानगीला ताईची संमती हवी होती. संमतीच्या एका कागदावर काम भागले असते, हे मला माहीत होते. मला माहीत नसेल तर कोणाला असणार? पण एकदाच कायमचे मोकळे व्हावे, असे माझ्या मनाने घेतले. मी हक्कसोडपत्र करायचे ठरवले.

हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडल्याचा कागद. असे कागद मी शेकड्यांनी लिहिले आहेत. बहिणी बाकाच्या टोकाला बसतात. मी विचारतो, राजीखुशीने ना? त्या भावाकडे बघून मान हलवतात. मग मी तेच वाक्य लिहितो, जे माझ्या आधी या झाडाखाली बसणाऱ्याने लिहिले आणि त्याच्या आधीच्यानेही लिहिले असेल: भावाबहिणीतील प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.

परक्या बाईला विचारणे सोपे असते. ताईला तोंडाने विचारायला मला शब्द सापडेना.

त्या दिवसांत संध्याकाळी सातला एक मालिका लागत असे. तिच्यातली बहीण भावासाठी सही करून देते आणि भाऊ अंगणात तिचे पाय धरतो, असा भाग येणार होता. त्याची जाहिरात आठवडाभर दाखवत होते. माझी पत्नी ती जाहिरात बघूनच डोळे पुसत असे. मला वाट दिसली. मी ताईला फोन केला आणि म्हणालो, सातची मालिका बघत जा, फार चांगली आहे, घराघरांत बघावी अशी आहे.

त्या दिवसापासून रोज साडेसातला, मालिका संपताच, मी मनमाडला फोन लावू लागलो. ताई मालिकेवर टीका करण्यात माझ्यापेक्षा तरबेज निघाली. त्या घरातली म्हातारी मरायला टेकली तरी तिचा अंबाडा सुटत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्या घरी एवढी माणसे आणि नळाला पाणी आलं म्हणून कोणी धावत नाही, हे नळाची आठवडेच्या आठवडे वाट बघणाऱ्या मनमाडच्या बाईला पटणे शक्यच नव्हते. मालिकेचे बोलून झाले की ती आपले सांगायची: गुडघा उतरताना दुखतो, शेजारीण वस्ती सोडून गेली, टाकी परवा भरली. मी ते ऐकून घेत असे. माझे लक्ष पुढच्या भागाकडे असायचे.

सहीचा भाग लागला. मी फोन केला. ताई म्हणाली, बरं केलं पोरीनं. मी तो होकार समजलो आणि दुसऱ्याच दिवशी टेबलावर बसून मसुदा लिहून काढला.

तेवढ्यात मालिका फिरली. सही मिळालेल्या भावाने घर परस्पर विकायला काढले आणि बहीण कोर्टात उभी राहिली. गोष्ट लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक नसतो, लोक बघतील तिकडे ते वळतात. ही अक्कल मला तेव्हा आली. अर्ज लिहिताना मी शेवटची मागणी आधी ठरवतो, मग मजकूर. जी मालिका पुरी झालेली नाही ती कोणालाही सुचवू नये, हा नियम माझ्यासारख्याने मोडावा, याचा मला आजही राग येतो. मी ताईला फोन करून सांगितले की ती मालिका आता भरकटली, बघण्यासारखी राहिली नाही. ती बरं म्हणाली. त्यानंतर मी फोन केला नाही. बोलायला विषयच उरला नव्हता.

पुढच्या रविवारी मसुदा पिशवीत घालून मी मनमाडला गेलो. पोहोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ताई तीच मालिका बघत बसली होती. पाणी दिल्यावर तिने मला शेजारी बसायची खूण केली. आम्ही दोघांनी तो भाग शेवटपर्यंत पाहिला. पडद्यावरच्या बहिणीची उलटतपासणी चालू होती. जाहिराती लागल्या तसा ताईने आवाज बंद केला आणि म्हणाली, "काढ. काय आणलंय ते."

मी मसुदा वाचून दाखवला. सगळ्यांना वाचतो तसाच, सावकाश, स्वल्पविराम घेत. तिने मधले वाक्य पुन्हा वाचायला लावले.

"प्रेमापोटी, हे कोणी लिहिलं?"

"मायनाच तसा असतो, ताई."

"सगळ्याच बहिणींच्या कागदात?"

"सगळ्यांच्याच."

ताईने पदराने चष्मा पुसला. मग ती जे बोलली ते मी शब्दशः उतरवतो, कारण दुसऱ्याचे म्हणणे बदलू नये ही माझ्या कामाची पहिली शिस्त आहे.

"तू पहिल्यांदा फोन केला ना, मालिका बघ म्हणून, तवाच मला कळलं. तीस वर्षांत तू मला कधी अमुक बघ, तमुक बघ म्हटला नाय. म्हटलं, याला काहीतरी मागायचं हाय. मग म्हटलं, मागंल तोवर रोज फोन तर येईल."

मी म्हणालो, तसे काही नाही. ते माझ्याच कानाला खोटे लागले.

"सही देते," ती म्हणाली. "घर घेऊन मी काय करू? स्वखुशीनं राहू दे. दडपण नाय, तेही राहू दे. तेवढा प्रेमाचा शब्द खोड. ते मी लिहून देत नाय."

मी तिला समजावले की तो शब्द रूढ आहे, तो नसला तर कागद उघडा दिसतो. ती ऐकून घेत राहिली. संमतीच्या साध्या कागदाचा नमुना माझ्या पिशवीत नेहमीच असतो, त्या दिवशीही होता. तो काढून, एवढ्यावरच सही कर, तुझे नाव घरावर राहू दे, असे मी म्हणू शकलो असतो. मी पेन काढले आणि तो शब्द खोडला.

आठवड्याने ती बसने आली. टाईप करणाऱ्याच्या संगणकात हा मायना कायमचा ठेवलेला असतो. त्यातून एक शब्द कमी का, असे त्याने मला विचारले आणि माझ्याकडे बघून पुढे विचारले नाही. नोंदणीच्या खिडकीशी ताईचा अंगठा झाला, फोटो झाला. कारकुनाने तिला विचारले, आजी, वाचलं का नीट? ती म्हणाली, भावानं वाचून दाखवलं. घरी पत्नीने स्वयंपाक करून ठेवला होता. ताई जेवायला थांबली नाही. बस चुकेल म्हणाली.

वरचा मजला झाला. मुलगा आणि सून वर राहतात, आणि सात वाजता त्याच मालिकेचे शीर्षकगीत जिन्यावरून खाली येते. ती अजून संपलेली नाही.

मागच्या महिन्यात एका वाहिनीवर एक बरी मालिका लागली. साधी माणसे, साधे कपडे, तेरा भाग, आणि तेराही मी आधी पाहून घेतले. साडेसातला ताईला फोन लावला आणि म्हणालो, ही बघ, तुला आवडेल.

तिच्याकडचा टीव्ही चालू असल्याचे ऐकू येत होते.

"आता काय राहिलंय, भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहजच."

"मग ठेव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या एका बाईने नेहमीचा प्रश्न विचारला. तिचा भाऊ स्टॅम्प आणायला गेला होता. माझा टीव्ही बंद आहे, असे मी पहिल्यांदा तिलाच सांगितले, आणि तिच्या हक्कसोडपत्रात ते वाक्य नेहमीप्रमाणे पूर्ण लिहिले.